बाहेर कोण होतं

माझी बायको सुलक्षणा गेली त्या दुपारी शेजारचे नाना घरात होते. ती दोन दारांच्या मधे गॅलरीत पडली होती आणि तिचं डोकं आमच्या दाराकडे नव्हतं, त्यांच्या दाराकडे होतं. तिने त्यांचं दार वाजवलं होतं का, आणि वाजवलं असेल तर ते का उघडलं नाही, एवढं मला कळायला हवं होतं. ते कळेपर्यंत माझं दुसऱ्या कशात लक्ष लागणार नव्हतं.

मरोळ गावठाणात ऑगस्टीनचं दुमजली घर आहे. खाली तो आणि त्याची बायको व्हायोलेट राहतात. वरच्या दोन खोल्या भाड्याने. एकीत आम्ही, दुसरीत नाना कोरगावकर. लाकडी जिना बाहेरून, रस्त्याच्या अंगाने चढतो. वर छोटी उघडी गॅलरी आणि समोरासमोर दोन दारं. रस्त्यापलीकडे एक रिकामा तबेला आहे. त्यातल्या म्हशी आरे कॉलनीत गेल्या त्यालाही बरीच वर्षं झाली.

नाना कॉलेजात राज्यशास्त्र शिकवून निवृत्त झाले होते. लग्न केलं नव्हतं. माणूस मुळात कसा आहे आणि तो एकमेकांबरोबर राहायला का तयार होतो, यावर त्यांनी दोन पुस्तकं लिहिली होती. मी सातवी शिकलेला. आधी परळला गिरणीत होतो, नंतर साकीनाक्याला कारखान्यात फिटर. मला त्यांची पुस्तकं कळणारी नव्हती. पण सुलक्षणा त्यांच्याशी वाद घालायची. त्यांना माशाची आमटी नेऊन द्यायची आणि दारातच उभी राहून बोलत राहायची.

नाना म्हणाले होते, "सुलक्षणा, माणूस मुळात चांगला आहे गं. त्याला मोकळं सोडलं तर तो दुसऱ्याला सांभाळूनच घेतो."

ती म्हणाली, "नानांनू, तुम्ही कधी नळार पाणी भरूक गेल्यात काय?"

नाना इतके हसले की त्यांना ठसका लागला.

मग आणीबाणी आली. नानांचे दोन मित्र पहाटे घरातून उचलून नेले. नाना सभेत वगैरे जाणारे नव्हते, पण ते काहीतरी लिहीत होते आणि ते लिहिलेलं कोणीतरी येऊन घेऊन जायचं. मित्रांना नेल्यापासून त्यांची झोप गेली. दार वाजलं की हातातलं भांडं पडायचं. त्यांनी दाराला आतून लाकडी आडणा लावून घेतला.

त्यावर सुलक्षणानेच तोड काढली. नानांचं दार ज्याने वाजवायचं त्याने लगेच आपलं नाव मोठ्याने सांगायचं. नाव नाही आलं तर नानांनी उठायचं नाही. ती हे साऱ्यांना सांगून आली, दूधवाल्याला, इस्त्रीवाल्याला, पोस्टमनला. स्वतः रोज ओरडायची, "नानांनू, मी सुलक्षणा इलंय!" व्हायोलेटबायला तर खेळच मिळाला. सणाला तळलेले फुगे घेऊन वर आली की सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडायची, "नाना, मी व्हायोलेट! बॉम्ब नाय, फुगे आणलेत!"

सुलक्षणाला हृदयाच्या झडपेचा त्रास होता. दम लागला की तिच्या तोंडून शब्द फुटायचा नाही. ती नुसती हाताने खुणा करायची.

ती गेली तेव्हा मी पहिल्या पाळीवर होतो. ऑगस्टीन कामावर होता. व्हायोलेटबाय बाजारातून आली आणि तिला सुलक्षणा दिसली. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणलं असतं तर काही सांगता आलं असतं. डॉक्टर असं सगळ्यांनाच म्हणत असतील. पण ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही.

नानांनी सांगितलं, मी झोपलो होतो, काही ऐकू आलं नाही. सांगताना माझ्याकडे बघत नव्हते.

मी व्हायोलेटबायला विचारलं. ती अंगणात मिरच्या निवडत होती.

"बाय, तू ओरडलीस तेव्हा नाना लगेच आले?"

"लगेच कुठे? मी बोंबलून बोंबलून माझा गळा बसला. मग आडणा काढल्याचा आवाज आला आणि आला बाहेर. शर्टाची बटनं वरखाली."

"झोपले होते म्हणतात."

"या गरमीत शर्ट घालून कोण झोपतो रे?" असं बोलून गेली आणि मग तिने माझ्याकडे पाहिलं. "जयवंत, मी तशी म्हणत नाय हां. म्हातारा माणूस आहे. तू डोक्यात संशय घेऊन बसू नको. फुकटचा भाडेकरू तो, मग जाता जात नाय."

पण तो बसलाच होता.

दहाव्या-बाराव्यानंतर पाहुणे गेले आणि नाना रोज संध्याकाळी माझ्याकडे यायला लागले. पूर्वी ते आमच्या खोलीत कधी बसले नव्हते. आता ट्रंकेवर बसायचे आणि मी चहा केला की पुष्कळ वेळ बोलायचे. सुलक्षणाबद्दल नाही. माणूस, समाज, राज्य यांच्याबद्दल. मला वाटायचं, जो माणूस कधी आला नाही तो आता रोज का येतो? मी काय बोलतो, मला काय कळलंय, हे बघायला येत असणार. म्हणून मी त्यांचं बोलणं नीट ऐकायला लागलो.

"जयवंता, यात जुनी दोन मतं आहेत," ते एकदा म्हणाले. "एक म्हणतं, डोक्यावर दंडुका नसेल तर माणसं एकमेकांचे गळे धरतील. म्हणून राजा पाहिजे, पोलीस पाहिजे. दुसरं म्हणतं, माणूस बराच होता, दंडुक्यानेच त्याला बिघडवलं. मी जन्मभर हे दुसरं शिकवलं."

"आणि भित्रा माणूस? तो कुठल्या मतात बसतो?"

नानांनी कप खाली ठेवला. "भीती बाहेरून येते. ती कोणीतरी घालतं. पाळण्यातल्या मुलाला दार वाजल्याची भीती वाटते का?"

जगातली सगळी उदाहरणं सोडून त्यांना दार आठवलं.

दुसऱ्या दिवशी म्हणाले, "माणूस वाईट नसतो, जयवंता. त्याला कोणीतरी घाबरवून ठेवलेलं असतं. मग तो काय करतो त्याचा दोष कोणाला द्यायचा?"

"ज्याने केलं त्याला," मी म्हणालो.

"एवढं सोपं असतं तर मी पुस्तकं कशाला लिहिली असती?"

"ते मला कसं माहीत असणार? मी वाचली नाहीत."

त्यांचं विद्वत्तेचं बोलणं मला आता वेगळंच वाटत होतं. कोर्टात वकील बोलतो तसं. खटला काय आहे ते मात्र सांगत नव्हते.

याच सुमारास मरोळ नाक्यावरच्या हॉटेलात एक माणूस माझ्या टेबलाशी येऊन बसला. चाळिशीचा, साधा बुशशर्ट, चांगला भांग पाडलेला. म्हणाला, "जयवंत ना तुम्ही? मी चंद्रप्रकाश. बसू ना?" बसला तर होताच. कुठल्या खात्याचा ते त्याने सांगितलं नाही. मला विचारावंसं वाटलं नाही, इतकं ते उघड होतं.

"तुमच्या मिसेस गेल्या. फार वाईट झालं," तो म्हणाला. "आणि बघा ना यार, बाजूला शिकलेला माणूस घरात असून बाई बाहेर पडून राहते. कसले हे लोक?"

जे मी कोणाला बोललो नव्हतो ते हा बोलत होता.

"आम्हाला जास्त काही नको. सरांकडे संध्याकाळी कोण येतं, पिशवीत काय नेतं, एवढंच. तुम्हाला शेजारी म्हणून दिसत असेलच. पुढच्या गुरुवारी मी इथेच असतो."

मी हो म्हणालो नाही, नाहीही म्हणालो नाही. घरी आल्यावर मला कळलं की एका वाक्यात नानांना घेऊन जातील. आणि ते वाक्य माझ्याकडे होतं, कारण नानांकडे कोण येतो ते मला खरंच माहीत होतं. बोरिवलीहून येणारा तो पोरसवदा मास्तर, त्याची खाकी पिशवी, सगळं. फक्त मला खात्री हवी होती. नानांनी दार उघडलं नाही हे ठरलं की मी ते वाक्य सांगणार होतो. आणि नसेल तसं, तर त्या माणसाला हॉटेलातून हाकलणार होतो.

मी ठरवलं की त्या दुपारसारखंच त्यांचं दार वाजवून बघायचं.

माझी सुट्टी गुरुवारी असते. त्या दुपारी व्हायोलेटबाय चर्चमध्ये होती. मी नेहमीसारखा कडी लावून जिना उतरलो, कोपऱ्यापर्यंत गेलो आणि चपला हातात घेऊन परत वर आलो. नानांच्या दारासमोर जमिनीवर बसलो, जिथे ती होती तिथे. दाराला टेकलो आणि खालच्या फळीवर तळहाताने दोनदा थापलं. तोंडाने काही बोललो नाही.

मला वाटलं होतं, आत शांतता होईल. मग कानोसा घेऊन मला त्यांचा श्वास ऐकू येईल आणि माझं काम होईल.

पण थाप पडते न पडते तोच आत खुर्ची उलटी पडल्याचा आवाज आला, पाऊल आपटत आलं आणि दार उघडलं. आडणा काढल्याचा आवाज झालाच नाही. आडणा घातलेला नव्हताच. नाना उघड्या अंगाने होते, चष्मा नव्हता. त्यांनी समोर पाहिलंच नाही. दार उघडताना त्यांची नजर खाली होती, ते वाकलेले होते आणि दोन्ही हात पुढे केले होते, जमिनीवरच्या माणसाला काखेत धरून उचलायला करतात तसे.

ते हात माझ्या खांद्यांना लागले तेव्हा त्यांना कळलं की हा मी आहे.

"तू," ते म्हणाले. मग तिथेच उंबऱ्यावर बसले.

रस्त्यावरून पाववाला सायकल घेऊन गेला.

"मी जागा होतो," नाना म्हणाले.

"माहीत आहे."

"दार खालून वाजलं. मी नावाची वाट बघितली. नाव येईना. परत वाजलं. मला वाटलं, आले. मी टेबलावरचे कागद मोरीत नेले आणि जाळले. मोरीत काही ओले झाले, पेटेनात. ते होईपर्यंत दार वाजत होतं, पण हळू. मग मी शर्ट घातला. न्यायला आलेत तर अंगात शर्ट असावा म्हणून. बटनं लागत नव्हती. मग वाजायचं थांबलं. आणि मला बरं वाटलं, जयवंता. परत गेले म्हणून बरं वाटलं. खुर्चीत बसून मी पाणी प्यायलो."

मी त्यांना मारीन असं मला वाटलं होतं. हात उचलला गेला नाही.

"एवढं होतं तर रोज येऊन पुराण कसलं सांगत होता? भीती बाहेरून येते म्हणे."

"तुझ्यासमोर ते उभं राहतं का बघत होतो. चाळीस वर्षं मुलांसमोर उभं राहिलं. तुझ्यासमोर राहत नाही." त्यांनी डोळे पुसले नाहीत, तसेच वाहू दिले. "त्या दिवशी बाहेर पोलीस नव्हता. सरकार नव्हतं. कोणीही नव्हतं. बाहेर फक्त सुलक्षणा होती. मग भीती बाहेरून कशी आली? ती माझीच होती, आत बसलेली. मला नुसतं निमित्त पाहिजे होतं."

"आधी सांगायचं होतं."

"तू विचारशील म्हणून येत होतो. तूही विचारत नव्हतास."

मी उठलो. चपला घातल्या आणि नाक्यावर गेलो. मला जे कळायला हवं होतं ते कळलं होतं आणि ठरल्याप्रमाणे ते वाक्य मी सांगणार होतो. बोरिवलीचा मास्तर, खाकी पिशवी. वाटेत मी ते मनात म्हणूनही बघितलं.

चंद्रप्रकाश पंख्याखाली बसला होता. त्याने माझ्यासाठी चहा सांगितला.

"बोला."

मी आधी दुसरंच बोलून गेलो. "ती गेली तेव्हा नाना घरात जागे होते. दार उघडलं नाही त्यांनी."

"ते जुनं झालं हो," तो म्हणाला. "ते तर मीच तुम्हाला सांगितलं ना. नवीन काही?"

तेव्हा कुठे मला ते खटकलं. "तुम्हाला कसं माहीत?"

तो हसला. आपल्या कामाची कोणी चौकशी केली की माणसाला बरं वाटतं, तसा. "तुमच्यासमोर तबेला आहे ना? झकास जागा. जिना दिसतो, गॅलरी दिसते, कोण आलं कोण गेलं सगळं. आमचा माणूस असतो तिथे. कधी कधी मी स्वतः."

"त्या दुपारी कोण होतं?"

"मीच."

बोलून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं. त्याने बशी उगाच सरकवली.

"मग ती दिसली असेल," मी म्हणालो.

"हे बघा, जयवंतराव. आमचं काम नुसतं बघायचं. मी रस्ता ओलांडून वर आलो असतो तर सगळ्या गावाला कळलं असतं मी कोण. तशी ऑर्डर नसते."

"ती किती वेळ दार वाजवत होती?"

"मी काय घड्याळ लावून बसलो होतो? बसली होती दाराला टेकून. मग आडवी झाली. मला वाटलं, गरमीची झोपली असेल बाई. आमच्याकडे नाय का बायका ओट्यावर झोपत?" तो पुढे वाकला. "तुमचं दुःख मला समजतं. पण बायकोचा खून कोणी केला, मी की त्या म्हाताऱ्याने? दरवाजा कोणाचा होता? मग नावं सांगा ना."

माझ्या मनात ते वाक्य तयार होतं. पण ज्या माणसाने तिला आडवी होताना पाहिलं त्याच्या हातात ते द्यायचं, हे मला जमेना. नानांची दया आली असं नाही.

"मी पाळीवर असतो," मी म्हणालो. "मला कोण दिसणार?"

"विचार करा. तुमच्यावरही नजर जाऊ शकते."

"जाऊ दे. तुम्ही नुसतं बघताच ना?"

चहा तसाच टाकून मी बाहेर पडलो.

घरी येताना तबेल्यासमोर थांबलो. दाराची एक फळी निघालेली होती आणि आत विड्यांची थोटकं पडली होती. तिथून मागे वळून बघितलं तर आमची गॅलरी समोर स्पष्ट दिसत होती. व्हायोलेटबायने वाळत घातलेल्या कपड्यांवरचा कशिदासुद्धा दिसत होता.

तिथे उभं असताना माझ्या लक्षात आलं की नाना चुकले होते. त्या दिवशी बाहेर फक्त सुलक्षणा नव्हती. ज्याला ते घाबरत होते तो खराच बाहेर होता, रस्त्यापलीकडे, त्यांच्याच दाराकडे बघत. त्यांची भीती उगाच नव्हती. एवढं त्यांना सांगितलं असतं तर त्यांची दोन्ही पुस्तकं परत उभी राहिली असती. भीती बाहेरूनच येते, दंडुकाच माणसाला बिघडवतो, सगळं खरं ठरलं असतं. कदाचित ते खरं असेलही. मला एवढंच कळत होतं की हे ऐकून त्यांना त्या रात्री झोप लागली असती.

पण त्यांना सावध करणं भाग होतं. नाहीतर तो मास्तर जिन्यावर सापडला असता.

नाना अजून उंबऱ्यावरच होते. खुर्ची आत उलटीच पडली होती.

"नाना, समोरच्या तबेल्यात पोलिसांचा माणूस बसतो," मी म्हणालो. "त्या मास्तराला येऊ नको म्हणून कळवा. कागद हलवा."

ते उठून उभे राहिले. पहिल्यांदा घाबरले, ते मला दिसलं. त्यांनी गॅलरीच्या कठड्याला धरून तबेल्याकडे पाहिलं. बघता बघता त्यांचा चेहरा बदलला. ते माझ्याकडे वळले.

"केव्हापासून?"

दुसऱ्या कोणाला वाटलं असतं, कागदांसाठी विचारतात. त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता. ते काय मागत होते ते मला कळलं आणि ते माझ्याकडे होतं.

"हल्लीच," मी म्हणालो.

"हल्ली म्हणजे, जयवंता? त्या दुपारी होता का?"

"नाही. या आठवड्यापासून."

त्यांनी मान हलवली. मी खोटं बोललो असेन असं त्यांच्या मनातही आलं नाही. आत जाऊन त्यांनी खुर्ची सरळ केली.

आणीबाणी उठली, तबेला पाडून तिथे इमारत उभी राहते आहे. नाना अजून समोरच्या खोलीत राहतात आणि अजून संध्याकाळी माझ्याकडे येतात. आम्ही भाजीचं बोलतो, ऑगस्टीनच्या गुडघ्यांचं बोलतो. माणसाच्या स्वभावाबद्दल ते आता बोलत नाहीत. कोणी जुना विद्यार्थी आला आणि त्याने काही विचारलं तर म्हणतात, मला त्यातलं काही कळत नाही. विद्यार्थ्याला वाटतं, सर नम्रपणे बोलतात. मी चहा गाळत असतो. मला वाटतं, आज सांगावं. मग मी सांगत नाही.